तंबूवाल्यांच्या बोटीवर

दोक्तोरा शहीरा सोमालियातल्या आमच्या बोसासो गावात उतरल्या त्या दिवसापासून मला गावभर एकच प्रश्न ऐकावा लागला. विमानतळावरच्या पोलिसानं विचारला, हॉटेलच्या स्वयंपाक्यानं विचारला. शेजारच्या मुमिनोनं तर भिंतीवरून मान वर काढून, बहिणीला मारतात त्या हाकेनं विचारला, "अबायो, ही बाई नक्की कुणाची गं?"

कुणाची म्हणजे कुणाच्या घरातली असं नव्हे. कुणाची म्हणजे कुणी पाठवलेली.

"अलेक्झांड्रियाची आहे. तिथं कॉलेजात शिकवते," मी म्हणाले.

"मग शिकवावं की तिथंच. इथं काय काम काढलंय?"

"समुद्री चाच्यांवर अभ्यास करतेय."

"उशीर झाला तिला," मुमिनो म्हणाली. "आमचे चाचे आता लग्नं करून, ढेऱ्या सुटून बसलेत."

मी इदिल. मुलींच्या शाळेत अरबी शिकवते. लढाईच्या काळात आईवडील पळून समुद्रापलीकडं एडनला गेले, तिथल्या बसातीन वस्तीत मी वाढले, त्यामुळे माझी अरबी कुठं अडत नाही. दोक्तोरांना सोमाली येत नव्हती आणि दुभाषी बाईच हवी होती. शाळेला सुट्टी होती, मी हो म्हटलं. पण हो म्हणताना मलाही तोच प्रश्न पडला होता, जो पोलिसाला पडला होता.

अरबीत डॉक्टरेटवाल्या बाईला दोक्तोरा म्हणतात; आमच्या दोक्तोरा साठीकडे झुकलेल्या, बुटक्या, जाड चष्म्याच्या. खोलीची खिडकी लावून घेऊन सिगारेट ओढायच्या आणि वर वेलचीचा चहा मागवायच्या, म्हणजे वास लपेल असं त्यांना वाटायचं. लपत नव्हता. जहाजं कोण लुटतं, त्यांची राखण कोण करतं आणि ही दोन्ही माणसं पुष्कळदा एकच कशी निघतात, या एका गोष्टीच्या मागे त्यांनी अर्धं आयुष्य घातलं होतं. त्या जेद्दाहला, सलालाहला, मोम्बासाला बंदरांतून हिंडल्या होत्या. भाड्यानं लढणाऱ्या सैनिकांबरोबर जेवल्या होत्या, तुरुंगातल्या चाच्यांना भेटल्या होत्या. कुणावरही विश्वास ठेवायचा नाही ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की हॉटेलवाल्यानं "मासा ताजा आहे" म्हटलं तरी त्या विचारायच्या, "कधीचा ताजा?"

पहिले काही दिवस आम्ही जुन्या चाच्यांना भेटलो. म्हणजे जे स्वतःला जुने चाचे म्हणवून घ्यायला तयार होते त्यांना. तिघंजण बोलले. तिघांनीही सांगितलं की गरिबी परत आलीय, परदेशी ट्रॉलर मासे ओरबाडून नेताहेत, पोरं पुन्हा होड्या बांधताहेत, येत्या हंगामात जहाजं पुन्हा लुटली जाणार. मी शब्दाला शब्द सांगत गेले.

बाहेर पडल्यावर दोक्तोरा म्हणाल्या, "पोरी, या तिघांना कुणी पढवलंय?"

"असं का म्हणता?"

"तिघांनी एकच गोष्ट एकाच क्रमानं सांगितली. आधी गरिबी, मग ट्रॉलर, मग होड्या. खरं बोलणारी माणसं इतकी एकमतानं बोलत नाहीत. माझ्या चार बहिणी आहेत, आईच्या लग्नाची गोष्ट चौघी चार तऱ्हांनी सांगतात."

मी हसले. पण मग माझ्या लक्षात आलं की त्या तिघांचीही गाठ घालून दिली होती ती दिरियेनं. दिरिये माझ्याच कुळातला, वडिलांच्या चुलत्याचा नातू. एका कानाची पाळी लहानपणी उंटानं चावून नेलेली, म्हणून सगळे त्याला एककान्या म्हणतात आणि तोही त्या हाकेला ओ देतो. एकेकाळी तो स्वतः जहाजांवर चढला होता. आता तो तंबूवाल्यांकडे मुकादम होता.

तंबूवाले म्हणजे विमानतळामागे तळ ठोकून बसलेली परदेशी कंपनी. तिचं खरं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आखातातल्या कुणी श्रीमंतांनी त्यांना आमचा किनारा राखायला आणलं होतं. त्यांनी आमच्याच पोरांना हिरवे कपडे घातले, बंदुका दिल्या, गस्तीच्या बोटी दिल्या. पण चाचे उरलेच नव्हते, तेव्हा राखायचं काय? आखातवाले हात आखडता घेणार अशी बोलवा होती.

तंबूवाल्यांचा साहेब ब्राम. मान भाजल्यासारखी लाल, आवाज मात्र मऊ. आफ्रिकेच्या पार दक्षिणेतून आलेला. तारुण्यात किती देशांसाठी लढला हे तोच विसरला असावा. त्यानं दोक्तोरांना चहाला बोलावलं आणि गस्तीच्या बोटीवरून फेरी मारायचं आमंत्रण दिलं.

दोक्तोरांनी बसल्या बसल्या मला कळेल अशा इंग्रजीत विचारलं, "तुम्ही भाडोत्री सैनिक होतात ना?"

ब्राम हसला. "प्रोफेसर, भाड्यानं कोण नसतं? तुमचं कॉलेज तुम्हाला पगार देत नाही?"

"देतं. पण कुणावर गोळी झाडायला सांगत नाही."

"तुमच्या लेखांमुळे जहाजांचे विमे महाग होतात, बंदरं ओस पडतात," तो म्हणाला. "गोळी एकाच माणसाला लागते."

परतताना दोक्तोरा म्हणाल्या, "हा माणूस मूर्ख असता तर बरं झालं असतं."

आम्ही निघालो त्या सकाळी समुद्र शांत होता. दक्षिणेचे वारे थांबले की आमच्याकडे मासेमारीचा हंगाम सुरू होतो, तेच दिवस. बोटीवर ब्राम होता, एककान्या दिरिये होता, पाच-सहा पहारेकरी होते. त्यांत बिले नावाचा एक नवा गडी होता, गार्डोकडच्या डोंगरातून आलेला, समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघणारा. बोट लागून त्याचा चेहरा माझ्यासारखाच पांढरा पडला होता. आणि एक कॅमेरावाला होता.

किनारा मागे धूसर झाला तेव्हा दोक्तोरांनी मला कोपरानं डिवचलं. "तो काय टिपतोय?"

कॅमेरावाला डाव्या कठड्याला टेकून उभा होता, कॅमेरा खांद्यावर, डोळा काचेला.

"पाणी," मी म्हणाले.

"पाणी चारी बाजूंना आहे. तो एकाच बाजूचं टिपतोय."

मी काही बोलायच्या आत त्याच बाजूनं एक होडी आली. उन्हातून आली, म्हणून आधी आवाज ऐकू आला आणि मग ती दिसली. चारजण होते. एकानं लोखंडी शिडी उभी धरली होती, जहाजावर चढायला लावतात तशी. पहारेकरी ओरडले, भोंगा वाजला, गोळ्या सुटल्या. मी खाली बसले, पण नजर वरच होती, आणि मला दिसलं की बंदुकीच्या नळ्या सगळ्या आभाळाकडे होत्या.

एक सोडून. बिले गुडघ्यावर बसला होता. त्यानं नेम धरला आणि झाडली.

होडीतला लाल सदऱ्याचा माणूस शिडीसकट कोलमडला. त्याच क्षणी दिरिये सोमालीत किंचाळला, "केनान! आडवा पड! आडवा पड!" आणि ब्रामनं धावत जाऊन बिलेची बंदूक लाथेनं उडवली. होडी गर्रकन वळली आणि निघून गेली. बोटीवर कुणी हुर्रे केलं नाही. चाच्यांना हुसकून लावणाऱ्या माणसांची तोंडं तशी नसतात. मयताला आलेल्या माणसांसारखी सगळी उभी होती.

ब्रामनं सिगारेट पेटवायला दोन काड्या ओढल्या, दोन्ही विझल्या. "पाहिलंत, प्रोफेसर? आणि लोक म्हणतात चाचे संपले."

"एकजण जखमी झाला. तुम्ही पाठलाग का केला नाहीत?" दोक्तोरांनी विचारलं.

"आमचं काम पळवून लावण्याचं."

"पकडला असतात तर केवढा पुरावा हाती आला असता."

ब्राम तिसरी काडी ओढू लागला. दोक्तोरा माझ्याकडे वळल्या. "तो मुकादम काय ओरडला?"

दिरिये माझ्याकडेच बघत होता. "आडवा पड म्हणाला. आपल्या माणसांना."

"दोनदा तेच म्हणाला, ते कळलं मला. त्याच्या आधी एक शब्द होता. केनान. केनान म्हणजे काय?"

"शिवी आहे," मी म्हणाले.

दोक्तोरांनी चष्मा पुसला. "चांगली शिवी आहे. बायबलात आणि ज्यूंच्या तौरातेत नाव म्हणून सापडते."

केनान मुमिनोचा धाकटा भाऊ होता, बुडी मारून शेवंडं पकडणारा. आमची भिंत सामाईक होती. त्याच्या लग्नात मी नाचले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुमिनो माझ्याकडे आली. ती वेळ गावात कुणी कुणाकडं जाण्याची नसते, पुरुष नशेच्या जादचा पाला चघळत पडलेले असतात आणि रस्त्यावर फक्त शेळ्या असतात. तिनं दार लावून घेतलं आणि विचारलं, "तू होतीस ना त्या बोटीवर?"

"होते."

"मग तू पाहिलंस. आता तुझी ती डॉक्टरीण घेऊन चल. त्याच्या खांद्यात गोळी आहे. इस्पितळात नेला तर पोलीस येतील, आणि पोलीस रोज कुणाच्या तंबूत जेवतात ते तुला माहीत आहे."

"अगं, ती माणसांची डॉक्टर नाही."

"मग कशाची?"

"चाच्यांची."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

मी हॉटेलवर गेले आणि दोक्तोरांना सगळं सांगितलं. केनान शिवी नाही, माणूस आहे, आणि तो मरायला टेकलाय. मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी विचारलं, "ही बहीण खरंच शेजारीण आहे, की कुणी तुझ्याकडे धाडलीय?"

"दोक्तोरा, तिच्या भावाच्या खांद्यात गोळी आहे!"

"गोळी आहे हे तिनं सांगितलं. मी पाहिलेली नाही." मग त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल. पाहू."

आमच्याकडून आखातात शेळ्या-मेंढ्या जातात, त्या चढवायच्या आधी गावाबाहेर एका आवारात तपासतात. तिथला जनावरांचा डॉक्टर बाबिकर सुदानी होता, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. मुमिनोचा धंदा मटणाचा. तिच्या टेम्पोत कातड्यांच्या ढिगाखाली केनानला घालून आम्ही तिथं नेलं. बाबिकरनं कातडं उचललं आणि मागं सरला. "बाई, मी शेळ्यांचा डॉक्टर आहे!"

"मी तर तेवढीही नाही," दोक्तोरा म्हणाल्या. "हात धुवा."

त्यांनी स्वतः केनानचं डोकं मांडीवर धरलं. बाबिकरचे हात मोठे होते पण हलके होते. गोळी निघाली, खांद्याच्या हाडाचा एक तुकडाही निघाला. मुमिनो बाहेर शेळ्यांमध्ये उभी राहून मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणत होती आणि मध्येच शेळ्यांना शिव्या घालत होती.

ताप उतरल्यावर केनान बोलला. दोक्तोरांना तो आत्या म्हणाला, आमच्यात परक्या वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात.

"आत्या, एककान्यानं सांगितलं होतं, होडी जवळ आणायची, शिडी दाखवायची, गोळ्या वर जातील, मग वळून निघून जायचं. शिडीही त्यांचीच. सिनेमासारखं आहे म्हणाला."

"कशासाठी, ते सांगितलं?"

"एक परदेशी बाई बघायला येणार आहे. तिनं लिहिलं की चाचे परत आलेत, की तंबूवाले इथंच राहतील. आणि मग मलाही हिरवे कपडे मिळतील."

मी ते सांगितलं तेव्हा दोक्तोरांचा चेहरा हलला नाही, पण त्यांचा हात सिगारेट शोधायला पिशवीत गेला आणि रिकामाच बाहेर आला. मग त्यांनी त्याला पोलिसासारखं उलटसुलट विचारलं. होडी कुणाची, बाकीचे तिघं कुठं, दिरिये कधी भेटला, भेटला तेव्हा अजून कोण होतं. शेवटी विचारलं, "याआधी तू खरोखर कधी जहाजावर चढला होतास?"

केनाननं बहिणीकडे पाहिलं. "एकदा. पोरगाच होतो. पकडलेल्या खलाशांवर पहारा द्यायला ठेवलं होतं. त्यातला एक म्हातारा रोज रडायचा. मी त्याला माझ्यातला भात द्यायचो."

"भात द्यायचास, पण सोडलं नाहीस."

"नाही सोडलं, आत्या."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "पटलं का तुम्हाला?"

"तो स्वतःबद्दल वाईट बोलला, म्हणून थोडंसं पटलं," त्या म्हणाल्या.

तोवर ती चित्रफीत गावभर झाली होती. तंबूवाल्यांनी तिच्यावर संगीत चढवलं होतं. हॉटेलात, चहाच्या टपरीवर, जो तो फोनवर लाल सदऱ्याचा माणूस कोलमडताना बघत होता. माणूस ओळखू येत होता. दोन दिवसांत पोलीस मुमिनोच्या दाराशी आले. "तुझा भाऊ चाचा आहे. कुठं लपवलायस?"

"माझा भाऊ शेवंडं पकडतो. आणि तुम्ही गेल्या रमजानचं मटण उधार नेलंय, ते आधी बोला," मुमिनो ओरडली. पोलीस गेले, पण ते परत येणार हे सगळ्यांना कळत होतं.

मुमिनो सरळ हाजी शिरवांकडं गेली. हाजी शिरवा तिच्या कुळाचे वडीलधारे. ती म्हणाली, न्याय झाडाखाली करा, पोलीस चौकीत नको. हाजींनी तंबूवाल्यांना निरोप धाडला.

त्याच संध्याकाळी ब्राम हॉटेलवर आला. चांगला इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

"प्रोफेसर, एक अपघात झाला," तो म्हणाला. "नवा माणूस होता, घाबरला. मला त्याचं दुःख आहे. पण तुम्ही जे पाहिलंत त्याचा अर्थ नीट लावावा अशी विनंती. चाचे आज नाहीत, उद्या येतील. आम्ही गेलो तर नक्की येतील. मग मेलेल्या खलाशांची जबाबदारी कोण घेणार? तुम्ही?"

"म्हणून तुम्ही उद्याचे चाचे आजच तयार केलेत?"

"तुम्हाला किनाऱ्यावर संशोधन केंद्र काढायचंय असं ऐकलं. आमच्या पाठीराख्यांना अशा कामात रस आहे." त्यानं आवाज आणखी मऊ केला. "आणि खरं सांगा, तुम्हाला कुणी पाठवलं? आमच्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्या दोन कंपन्या मला माहीत आहेत. त्यातली कुठली?"

दोक्तोरा पहिल्यांदाच गोंधळल्या. "मला कुणी पाठवलं नाही."

"सगळे असंच म्हणतात," ब्राम उठला. "मीही असंच म्हणायचो."

खोटं कशाला बोलू, त्याचं बोलणं माझ्या डोक्यात घर करून बसलं. दोक्तोरांचं तिकीट कुणी काढलं, हॉटेलचा खर्च कोण देतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना ते कळलं.

"विचार," त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणाले. मला उत्तराची भीती वाटत होती.

सकाळी बाभळीखाली चटया पडल्या. एका बाजूला हाजी शिरवा आणि त्यांची माणसं, समोर दिरियेची, म्हणजे माझीच माणसं. माझा थोरला काका पहिल्या रांगेत बसला होता. तिसऱ्या बाजूला बिलेच्या कुळाचे दोघं डोंगरातून आलेले, आणि बिले स्वतः, मान खाली घालून. ब्राम घडीच्या खुर्चीवर. केनानला खाटेवर घालून आणला होता.

दोक्तोरा बोलल्या, मी सांगत गेले. कॅमेरा होडी यायच्या आधीच तिकडं रोखला होता. बंदुका वर होत्या. पाठलाग झाला नाही. आणि मुकादमानं होडीतल्या माणसाला नावानं हाक मारली.

"खोटं!" दिरिये म्हणाला. "मी कुणाचं नाव घेतलं नाही. भोंगा वाजत होता. या इजिप्तच्या बाईला सोमाली येते का? हिला 'या' म्हटलेलं कळत नाही आणि 'केनान' म्हटलेलं कळलं?"

लोक हसले. माझा काकाही हसला.

हाजी शिरवा माझ्याकडे वळले. "पोरी, आतापर्यंत तू तिच्या तोंडून बोलत होतीस. आता तुझ्या तोंडून सांग. तू ऐकलंस का?"

काकानं घसा खाकरला. आमच्यात वडीलधारा माणूस असा खाकरला की त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. दिरियेनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणी होती. ते जास्त वाईट होतं. माझ्या वडिलांच्या मयताला कबर खणायला पहिली कुदळ त्यानं मारली होती.

"ऐकलं," मी म्हणाले. "तो म्हणाला, केनान, आडवा पड. आणि तो घाबरून म्हणाला. त्याला वाचवायला म्हणाला."

काका उठून चालता झाला. एकच गलका उडाला. कुणी म्हणालं बाईची साक्ष, कुणी म्हणालं परक्यांच्या चहाला लाचावली. आणि मग बिले उभा राहिला. सकाळपासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"मीही ऐकलं," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नव्हतं की हे खोटं आहे! सगळ्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मला बंदूक दिली आणि म्हणाले, चाचे दिसले तर मार. मी मारलं. तो मेला असता तर खुनी मी झालो असतो, आणि हे," त्यानं ब्रामकडे हात केला, "हे घरी गेले असते."

त्यानं हिरवा सदरा काढून खाटेच्या पायाशी टाकला आणि केनानसमोर उकिडवा बसला. केनाननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "गाढवा, नेम मात्र चांगला आहे तुझा." तेव्हा लोक पुन्हा हसले, पण हे हसणं वेगळं होतं.

निकाल लागला तो अर्धामुर्धाच. केनान चाचा नाही असं ठरलं. आमच्यात गोळी झाडणाऱ्याचा दंड त्याचं सगळं कुळ भरतं, पण या वेळी तो तंबूवाल्यांवर बसला, बिलेच्या कुळावर नाही. ब्रामनं सगळा दोष दिरियेवर ढकलला आणि त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. एककान्या गार्डोला बहिणीकडे निघून गेला. जाताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. काका अजूनही माझ्या घरचं पाणी पीत नाही. केनानचा हात खांद्याच्या वर जात नाही, त्याची बुडी संपली. तो आता मुमिनोच्या दुकानात बसतो आणि गिऱ्हाइकांशी भांडतो. बिले कुठं गेला माहीत नाही.

दोक्तोरांनी लिहिलं. सगळं लिहिलं, ब्रामचं नाव घालून लिहिलं. उन्हाळ्यापूर्वी तंबू उठले. आम्हाला वाटलं, झालं, सुटलो.

पुढच्या हंगामात विमानतळाच्या दुसऱ्या अंगाला नवे तंबू लागले. कंपनी दुसरी, तिचंही नाव लांबलचक. त्यांचा एक तरुण साहेब माझ्या शाळेत आला, फार अदबीचा, हातात दोक्तोरांचा लेख. "आम्ही त्यांच्यासारखे नाही," तो म्हणाला. "हे वाचूनच आखातातल्या लोकांनी आम्हाला बोलावलं. तुम्ही आमच्याकडं दुभाषी म्हणून याल का?"

मी म्हटलं, विचार करते. घरी येऊन दोक्तोरांना फोन लावला. इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं, "तुमचं तिकीट कुणी काढलं होतं?"

पलीकडं काडी ओढल्याचा आवाज आला. "मी. गाडी विकून. कॉलेजनं हॉटेलचं दिलं." मग त्या म्हणाल्या, "नवे आले ना? मलाही पत्र आलंय त्यांचं, आभाराचं. मी त्यांच्यासाठी लिहिलं नव्हतं, इदिल. त्यांनी वापरलं."

"हे मला कसं कळणार?"

"नाही कळणार," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल बाहेर विचार. अलेक्झांड्रियात लोक पुष्कळ आहेत, माझ्याबद्दल वाईट बोलायला सगळे तयार असतील."

मी खरंच विचारलं. बसातीनमधली माझी एक मैत्रीण आता तिकडं असते, तिला पाठवलं. तिनं कळवलं की त्या ट्रामनं कॉलेजात जातात, आणि शेजारी म्हणतात की बाई विक्षिप्त आहे. गाडी होती का, केव्हा विकली, हे कुणाला सांगता आलं नाही.

नव्या तंबूवाल्यांना मी नाही म्हणून कळवलं. परवा मुमिनोच्या दुकानात उभी होते, तेव्हा त्यांची जीप मटण न्यायला आली. पुढच्या सीटवर लाल मानेचा एक माणूस बसला होता, नव्या कंपनीची टोपी घातलेला. त्यानं मला ओळखलं आणि हात केला.

केनाननं मटण तोललं, पुडा बांधला आणि डाव्या हातानं खिडकीतून आत दिला. "सलाम, साहेब," तो म्हणाला. "या खेपेला कोण पडणार आहे?"

ब्राम हसला. जीप गेली. मुमिनोनं भावाच्या पाठीत धपाटा घातला आणि मला म्हणाली, "अबायो, तुझ्या त्या डॉक्टरणीला फोन कर. म्हणावं, ये."

"तिच्यावर विश्वास आहे तुझा?"

"नाही," मुमिनो म्हणाली. "पण तिचाही कुणावर नाही. अशीच बाई हवी."